खर्च निरंक

जव्हार संस्थानात एके काळी कायदा करणं लग्न लावण्यापेक्षा सोपं होतं. लग्नाला निदान दोन्हीकडच्या माणसांना विचारावं लागतं. कायद्याला एक कारभारी, एक कारकून आणि शिक्क्यापुरती लाख पुरत असे. कारभाऱ्यांच्या मनात सकाळी काही आलं की दुपारपर्यंत त्याला कलमं फुटत आणि संध्याकाळी बाजारात दवंडी.

असाच एकदा दिव्यांचा नियम झाला. दर घराने तिन्हीसांजेला दारात कंदील लावावा, म्हणजे गाव उजळेल, चोर बिचकतील आणि परगावचा पाहुणा जव्हारला शहर म्हणेल. कंदील आले, गाव उजळलं. तेल कोणी घालायचं, हे मात्र नियमात कुठेच नव्हतं. जो तो दुसऱ्याने घालण्याची वाट पाहत राहिला आणि महिना सरायच्या आत गाव पुन्हा काळोखात गेलं. चोर बिचकले नाहीतच. उलट दारोदार टांगलेले कंदील त्यांना आयतेच मिळाले.

तेव्हा कारभाऱ्यांच्या कचेरीतले हंगामी कारकून चंद्रकांत यांच्या पत्नी कुसुमावती आपला रिकामा कंदील घेऊन भर दुपारी कारभारी अप्पासाहेबांच्या ओसरीवर गेल्या. तिथल्या खुंटीला तो टांगला आणि म्हणाल्या, "नियम तुमचा, तर वातही तुमची. सांजेला लावायला विसरू नका." एवढ्यावर त्या परतल्या असत्या तर बरं होतं. पण त्यांनी पायरीवर बसून तेलाचा, काचेचा, काजळीचा, ती पुसायच्या फडक्याचा आणि पुसणाऱ्या बाईच्या कमरेचा असा सगळा हिशेब रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मांडला. अप्पासाहेब आत जेवायला बसले होते. ते दिवेलागणीलाच बाहेर आले. कंदील त्याच खुंटीला राहिला. तो काढायला सांगायचं धाडस त्या घरात कोणाला झालं नाही.

यावर दरबारातून हुकूम आला. यापुढे नियम असो, हुकूम असो की शिक्षा असो, त्याला खर्चाचा कागद जोडल्याशिवाय शिक्का उठणार नाही. खर्च काय, तो किती आणि त्याचा भार कोणावर, हे त्यात लिहायचं. कागद भरसभेत वाचायचा आणि ज्यांच्यावर भार पडणार त्या सर्वांना समोर उभं करून विचारायचं. कागद खोटा ठरला तर नियम रद्द, आणि ज्याची सही असेल तो कारकून त्याच पावली घरी.

कारकुनांना हुकूम फार आवडला, शेवटचं वाक्य सोडून.

चंद्रकांतची गोष्ट अशी की तो हंगामी होता. त्याचं लग्न, दोन्ही मुलींचे जन्म आणि थोरलीचं लग्न, सगळं त्याच्या हंगामी नोकरीत पार पडलं होतं. त्याच्यानंतर लागलेली माणसं कायम झाली, निवृत्त झाली, एक तर देवाघरीही गेला. चंद्रकांत अजून हंगामीच. म्हणून चैत्र संपता संपता अप्पासाहेबांनी त्याला आत बोलावून "बसा" म्हटलं, तेव्हा तो उभाच राहिला. हंगामी माणसाला कोणी बसायला सांगत नाही.

"चंद्रकांतराव, सूर्यमाळला गेलात कधी?"

"नाही साहेब."

"मीही नाही. पण हवा उत्तम आहे." अप्पासाहेबांनी डोळे मिटून ती हवा घेतली. "ठाण्याहून साहेबलोक येताहेत. वैशाखात इथे उकडतं. त्यांचा तळ सूर्यमाळवर द्यायचा. राहुट्या आहेत, खानसामा आहे. आता तळ म्हटला की पाणी लागतं. आंघोळीला, घोड्यांना, राहुट्यांभोवती शिंपायला. तेव्हा एक छोटासा नियम करू. आसपासच्या पाड्यांनी घरटी रोज पाणी पोचवायचं. पाऊस पडेपर्यंत. झालं."

"आणि खर्चाचा कागद?"

"लिहा ना. निरंक."

"निरंक?"

"पाणी देवाचं, मडकं त्यांचं, डोकं त्यांचं. यात दरबारचा खर्च कुठे आहे?"

चंद्रकांतने घसा साफ केला. "साहेब, सही माझी असते. एकदा जाऊन विचारून आलो असतो."

"जा की! मी काय जुलमी माणूस आहे?" अप्पासाहेब मनापासून दुखावले. "जा, विचारा, आणि निरंक लिहून आणा." मग मेजाच्या खणातून त्यांनी एक कागद अर्धा वर काढला आणि पुन्हा आत सरकवला. तेवढ्यात चंद्रकांतला आपलं नाव आणि त्याच्यापुढे 'कायम' हा शब्द दिसला. "सभा पार पडली की यावरही सही करू."

घरी कुसुमावतींनी ते ऐकलं आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून त्या दारात आल्या.

"कायम म्हणाले? तोंडाने?"

"कागद दाखवला."

"मग लिहा निरंक. आजवर तुम्ही काय काय लिहिलंत ते मी विचारलं का कधी?" पोळी करपल्याचा वास आला तशा त्या आत वळल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "पण विचारून लिहा हं. नाहीतर माझ्या कंदिलासारखं व्हायचं."

मोखाड्यापर्यंत बैलगाडी होती. पुढचा चढ पायी. सोबत नवशा पट्टेवाला होता, तो कारकुनाची पिशवी सोडून बाकी कसलंही ओझं आनंदाने उचलत असे. साग उघडे पडले होते, वाटेवर पानांचा खच होता आणि सावली अशी नव्हतीच. जव्हारात चंद्रकांत कोणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या नाही, याचा फार विचार करून पीत असे. सूर्यमाळच्या चढाने तो विचार घामावाटे पार काढून टाकला.

वरच्या पाड्यावर कुडाची थोडी घरं होती. पाड्याच्या वतीने बोलणारा म्हातारा माघ्या अंगणात दोर वळत बसला होता. त्याची बायको गौराबाई दारात उभी होती. चंद्रकांतने आपलं नाव, हुद्दा आणि येण्याचं कारण सांगायला तोंड उघडलं.

"बस आधी," गौराबाई म्हणाली. "पानी पे."

डोंगरात 'तुम्ही' नसतं. कारकून असो की कारभारी, सगळे 'तू'. तिने तांब्या पुढे केला आणि चंद्रकांतने तो वरून तोंडात ओतला. पाणी गार होतं, मातीचा वास होता. अर्धा तांब्या प्याला. मग शहरातल्या माणसाच्या सवयीने त्याने चूळ भरून टाकली, तोंडावर हबका मारला आणि उरलेलं धुळीने भरलेल्या पायांवर ओतलं. फार बरं वाटलं. माघ्या दोर वळायचा थांबून त्या पायांकडे बघत होता.

मग चंद्रकांतने नियम समजावून सांगितला.

"रोज पाणी द्यावं लागेल, बाबा. साहेबांच्या तळाला."

"देऊ," माघ्या म्हणाला.

"लांबून आणावं लागत असेल."

"पानी लांबूनच येतं."

"त्रास होईल तुम्हाला."

"काय नाय."

"गुरांना कमी पडेल? घरात कमी पडेल?"

"काय नाय रं. तू भाकर खाशील?"

चंद्रकांतने तेच वाकवून विचारलं, उलटं करून विचारलं. गौराबाईलाही विचारलं. तीही म्हणाली, काय नाय. शेजारच्या घरांतून दोघं-तिघं आले, त्यांनीही माना हलवल्या. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, साक्षीला नवशा होता. भाकर खाऊन त्याने समाधानाने ढेकर दिला आणि नवशा झाडाखाली आडवा झाला म्हणून तो एकटाच पाय मोकळे करायला निघाला.

पायवाट दरीत उतरत होती. उतरत होती आणि उतरतच होती. परत फिरावं असं त्याला दोनदा वाटलं, पण खालून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. शेवटी कोरड्या ओढ्याचं पात्र लागलं. वाळूत एक खड्डा उकरला होता, झिरा म्हणत त्याला. भोवती मडकी घेऊन बाया बसल्या होत्या. एक बाई खड्ड्यात वाकून करवंटीच्या पळीने पाणी काढत होती. करवंटी भरत नव्हती. तळाशी ओल जमायची, ती निपटून घ्यायची, पुन्हा वाट बघायची. बाईने मान वर केली. ती गौराबाई होती.

चंद्रकांतची नजर आपसूक स्वतःच्या पायांवर गेली. पाय स्वच्छ होते.

"तू... आत्ताच तर भरलेलं होतं ना घरात?"

"होतं," गौराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच त्याला अवघड वाटलं. "रातीला लागंल म्हनून आले."

"मग मघाशी सांगितलं का नाही? मी सारखं विचारत होतो, त्रास होईल का, त्रास होईल का!"

बाया हसल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. गौराबाईने करवंटी मडक्यात रिकामी केली.

"तू पानी पेलास ना."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? आमचं पानी पेलेल्या मान्साला आमी कसा सांगनार, पानी किती लांबचं हाय? तुज्या घरी पाहुना जेवतो तवा तू सांगतोस का, तांदूळ कवढ्याचं?"

कुसुमावती सांगतात, असं चंद्रकांतच्या मनात आलं. पण ते डोंगरात बोलण्याजोगं नव्हतं.

"मग सभेत सांगा. जव्हारला बोलावतील तुम्हाला. तिथे तुम्ही कोणाला पाणी दिलेलं नसणार."

"तिथं बी तेच. आमी तिकडं पाहुनं. मागं लाकडाच्या नियमाला गेलो तवा पयलं गूळपानी दिलं. पेलो. मंग तो तुजा कारभारी इच्यारतो, काय तरास? ज्याचं पानी पेलो, त्याला त्याच्याच दारात गाऱ्हानं सांगायचा? ते बी आमच्यात नाय."

"मग पिऊ नका!"

आता कोणी हसलं नाही. गौराबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने घरावर थुंकायला सांगितलं होतं.

"दिलेलं पानी परत कराचा? तुज्या दारात कोनी केलं तर?"

ती पुन्हा खड्ड्यात वाकली. बोलणं संपलं होतं.

जव्हारला आल्यावर चंद्रकांतने दोन दिवस कागद कोरा ठेवला. कलम शाईत बुडवायचं, टोक पुसायचं, पुन्हा बुडवायचं. खरा भार लिहावा तर 'कायम'चा कागद मेजाच्या खणातच म्हातारा होणार. निरंक लिहावं तर ते खोटं आहे, पण ते खोटं आहे असं सांगणारं या पृथ्वीतलावर कोणी उभं राहणार नाही, याचीही त्याला पक्की खात्री झाली होती. इतकं सुरक्षित खोटं फार थोड्यांच्या नशिबी येतं. तिसऱ्या दिवशी अप्पासाहेब त्याच्या मेजापाशी स्वतः आले आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"काय म्हणाली माणसं?"

"काही नाही म्हणाली, साहेब."

"मग तेच लिहा!"

त्याने लिहिलं. खर्च निरंक. भार निरंक. खाली सही. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

"गोड माणसं आहेत," अप्पासाहेब शाई वाळत असताना म्हणाले. "मी नेहमी सांगतो, डोंगरातल्या माणसाला आधी गूळपाणी द्या आणि मग विचारा. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. गुळाने माणूस विरघळतो."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. यात त्यांची लबाडी असती तर चंद्रकांतला झोप तरी लागली असती.

सभेचा दिवस कडक उगवला. कचेरीपुढच्या मांडवात एका बाजूला गादीवर अप्पासाहेब, त्यांच्या शेजारी सभेचे पंच, त्यांत सुपारी कातरत बसलेले किराणा दुकानवाले मधुशेठ. दिव्यांच्या नियमात गावाला कंदील ज्यांनी विकले, ते हेच. दुसऱ्या बाजूला जमिनीवर सूर्यमाळची माणसं. आदल्या दिवशी निघून, मोखाड्याच्या अलीकडे झाडाखाली रात्र काढून ती आली होती. ओठ सोलले होते. बाजारातल्या विहिरीवरून ती तशीच पुढे आली, पाणी प्यायला थांबली नाहीत, हे चंद्रकांतने कचेरीच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मात्र त्याला कळत नव्हतं. की कळत होतं?

"नवशा, गूळपाणी," अप्पासाहेब म्हणाले.

गादीवरच्यांना पितळी पेले. डोंगरातल्यांना पळसाच्या पानांचे द्रोण. नवशा हंडा घेऊन खाली वाकत वाकत पुढे सरकला. सुंठेचा आणि गुळाचा वास मांडवभर झाला. पहिला द्रोण माघ्याचा. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी धरला, त्यात पाहिलं, मग मांडवाबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि एका दमात संपवला. शेजारच्याने संपवला. त्याच्या शेजारच्याने.

चंद्रकांतच्या मनाने एक टिचकी वाजवली. सुटलो.

मग नवशाने गौराबाईच्या हातात द्रोण दिला आणि तो काठोकाठ भरला. तिने तो परत केला नाही. प्यालीही नाही. हातात धरून बसली, आणि तिने सरळ चंद्रकांतकडे पाहिलं.

आता द्रोणाची एक गोष्ट आहे. तो जमिनीवर ठेवता येत नाही, कलंडतो. आणि तो फार वेळ धरताही येत नाही, काड्यांनी टाचलेल्या पानांच्या सांध्यातून पाणी निघायला लागतं. एक थेंब तिच्या मनगटावर पडला. दुसरा लुगड्यावर. तिच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. किती वेळ धरणार? तिने ओठाला लावला की संपलं, मग चंद्रकांत कायम. त्याने काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि त्याचा तर त्याला जन्मभराचा सराव होता.

तो उभा राहिला.

"सूर्यमाळ तळाच्या पाण्याचा नियम," त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"अहो चंद्रकांतराव, आधी गूळपाणी होऊ द्या!"

"होतंय साहेब. वेळ वाचावा म्हणून वाचतोय." आणि न थांबता त्याने पुढचं वाचून टाकलं. "खर्च निरंक. भार निरंक. ज्यांच्यावर भार पडणार त्यांना काही सांगायचं आहे?"

माघ्याने खाली मान घातली. "काय नाय."

"मान्य," अप्पासाहेब म्हणाले. "लिहा."

"साहेब, हुकुमात 'त्या सर्वांना' असा शब्द आहे. पाणी माघ्या आणत नाही."

"मग कोण आणतं?"

मधुशेठनी अडकित्ता थांबवला. "कारभारी, आपल्या घरी कोण आणतं?"

गादीवर कोणीतरी खोकलं. अप्पासाहेबांचा चेहरा अजून हसरा होता, पण हसू कडेने सैल होत चाललं होतं. ते गौराबाईकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "पी बाई तू. उन्हातून आलीस. पी, आणि मग सांग."

द्रोण तिच्या हनुवटीपर्यंत गेला. चंद्रकांतने हातातला कागद इतका घट्ट धरला की तो चुरगळला.

"आधी सांगते," गौराबाई म्हणाली. "मंग पीते. परत नाय केलं. हातात हाय बघ."

ती उठून उभी राहिली. द्रोण तसाच, आता मनगटावरून धार लागली होती.

"हा लिवतो ते निरंक म्हंजे काय?"

"काही नाही, असं," मधुशेठ म्हणाले.

"मंग मी हे धरलंय ते बी काय नाय?" तिने द्रोण थोडा वर केला. "आमचा झिरा हाय. एकीचं मडकं भरलं का दुसरीनं वाट बघायची. वाळूतनं येईल तवा येईल. आता तुजा पाहुना आला. त्याचं मडकं पयलं. त्याच्या घोड्याचं दुसरं. आमचं कवा? सांजेला? सांजेला खाली वाघरू येतं प्याया. त्याचं बी पानी तेच. मंग सांजेला मी जायाचा नाय का त्यानं यायाचा नाय, ते तुज्या नियमात लिव."

कोणी लिहिलं नाही.

"नाचनीचं पीठ हाय घरात. पीठ कोरडं खात नाय कोनी. वासरू हाय. त्याला मी समजावीन, साहेबाची हवा चांगली हाय म्हनून. त्यानं ऐकलं तर बरं." मग तिने चंद्रकांतकडे हनुवटी केली. "हा आलता. मानूस वाईट नाय. पानी पेला, चूळ टाकली, पाय धुतलं. माजी समदी दुपार ह्याच्या पायावर गेली. तवा बोलले नाय, पाहुना व्हता. आज नाय."

गादीवर हसू फुटलं आणि लगेच विझलं. चंद्रकांतने पाय मेजाखाली घेतले. तो उभा होता, म्हणून ते नीट जमलं नाही.

गौराबाई खाली बसली. द्रोणात जे काही उरलं होतं, ते ती शांतपणे, थेंबही न सांडता प्याली.

अप्पासाहेबांनी हात पुढे केला. चंद्रकांतने कागद दिला. त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहिला आणि परत त्याच्या मेजावर टाकला.

"कागद खोटा आहे. नियम रद्द," ते म्हणाले. हे त्यांना म्हणावंच लागलं, सगळं जव्हार ऐकत होतं. "सही कोणाची?"

"माझी, साहेब."

"मग हुकुमाप्रमाणे तुम्ही त्याच पावली घरी."

चंद्रकांतला वाटलं होतं तितकं वाईटही वाटलं नाही. त्याने कलम पुसलं, दौतीला बूच लावलं. तेवढ्यात अडकित्ता कचकन वाजला.

"कागद?" मधुशेठ म्हणाले.

"कसला कागद?"

"शिक्षेच्या खर्चाचा. 'नियम असो, हुकूम असो की शिक्षा असो.' माझ्या दुकानासमोरच दवंडी झाली होती, कारभारी. पाठ आहे मला. खर्च काय, भार कोणावर."

"भार यांच्या घरावर!" अप्पासाहेब कातावले. "दुसरा कोणावर?"

"मग घरच्यांना सभेत बोलावून विचारावं लागेल," मधुशेठनी सुपारीचं खांड निवडून तोंडात टाकलं. "समोर उभं करून."

गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एक खुंटी आली आणि तिला टांगलेला कंदील. कुसुमावतींना गूळपाणी दिल्याने काही फरक पडेल, असं समजणारा एकही माणूस तिथे नव्हता. अप्पासाहेब तर नव्हतेच.

त्यांनी उपरण्याचं टोक चाळवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू पहिल्यासारखा गोड झाला.

"उकाडा किती आहे!" ते म्हणाले. "डोकं तापतं माणसाचं. बसा, चंद्रकांतराव, बसा. नवशा, यांना पेला दे. अरे, पितळी दे." मग थोडं पुढे वाकून, आवाज उतरवून, "निरंक तुमच्या हातून अनवधानाने पडलं, असं लिहून टाकू. हाताची चूक. कोणाचीही होते. मग कोणी घरी जायला नको आणि कोणाला बोलवायलाही नको. आणि तो दुसरा कागद अजून माझ्या खणात आहे बरं का. घ्या. घसा ओला करा आधी."

नवशाने पेला हातात दिला. पितळ गार होतं. सकाळपासून चंद्रकांतच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता आणि वाचताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. गुळाचा गाळ वर आला होता, सुंठेचे कण तरंगत होते. हाताची चूक. तो हात आत्ता पेला धरून होता.

पेला ओठापर्यंत आला. पेल्याच्या काठावरून त्याला सूर्यमाळची माणसं दिसली. उठून चालू लागण्याची त्यांची तयारी चालली होती. माघ्या काठी शोधत होता. गौराबाई रिकामा द्रोण चुरगळून कमरेला खोचत होती आणि त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

चंद्रकांतने पेला मेजावर ठेवला. थोडं पाणी हिंदकळून खर्चाच्या कागदावर पडलं आणि 'निरंक'मधलं एक अक्षर शाईसकट ओघळत गेलं.

"आधी सांगतो, साहेब," तो म्हणाला. "हे लिहायला कोणी सांगितलं, ते."